चार कुलपांची पेटी: वादळानंतर चर्चने नेमलेले ‘ऑर्गनायझर’ करतात तरी काय?

सँडी वादळ २९ ऑक्टोबर २०१२ ला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. तिथल्या एडिसन-इझलिनकडच्या मराठी घरांत त्याची आठवण निघाली की बहुतेक वेळा पेट्रोलची निघते. वीज नाही म्हणून पंप बंद, चालू होते तिथे लांबच लांब रांगा, आणि मग गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी बारा काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) लावलेला, गाडीच्या नंबराप्रमाणे पेट्रोल देण्याचा सम-विषमचा नियम. एडिसनची मिडलसेक्स काउंटी त्या बारांत होती. फ्रीजमधलं अन्न फेकलं, मुलांच्या शाळा बंद राहिल्या, काही घरांत बरेच दिवस अंधार होता. मग दिवे आले आणि आपल्यापुरतं वादळ संपलं.

तिथून तासाभराच्या आत, खाडी ओलांडून पलीकडे, न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंड बेटावर ते संपायला वर्षं लागली. न्यूयॉर्क शहरात सँडीने ४३ माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या स्टेटन आयलंडची. मिडलंड बीच, ओशन ब्रीझ, ओकवूड बीच या तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या वस्त्या. मूळचे उन्हाळ्यात सुटीला येऊन राहण्याचे लहान बंगले. पुढे लोक बारा महिने तिथेच राहू लागले. जमीन सखल, मागे दलदल, पुढे अटलांटिक.

अशा ठिकाणी, वादळाला काही महिने उलटल्यावर, एखाद्या चर्चच्या रविवारच्या पत्रकात छोटीशी सूचना येते: आपल्या आपत्ती सेवाकार्यात नवे कम्युनिटी ऑर्गनायझर रुजू झाले आहेत, त्यांचं स्वागत करू या. शेजारी दोन-तीन हसरे फोटो. वाचणारा म्हणतो, छान. पण ही माणसं धान्य वाटणार नाहीत, भिंती बांधणार नाहीत, कुणाच्या हातात चेक ठेवणार नाहीत. मग त्यांना पगार कशाचा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर अमेरिकेत आपत्तीनंतर मदत कशी फिरते ते आधी समजून घ्यावं लागतं. ती सरळ रेषेत फिरत नाही.

आधी शब्द

‘मिनिस्ट्री’ म्हणजे इथे मंत्रालय नाही. चर्चच्या बोलण्यात मिनिस्ट्री म्हणजे सेवाकार्य, मग ते तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं असो की पुरानंतर चिखल उपसणं. ‘ऑर्गनायझर’ला आपल्याकडे ‘संघटक’ म्हणता येईल, पण संघटक म्हटलं की पक्षाचा उपरणंवाला माणूस डोळ्यांसमोर येतो. कार्यक्रमाला खुर्च्या मांडणारा आयोजक तर तो अजिबात नाही. म्हणून या लेखात मी ऑर्गनायझरच म्हणणार आहे.

‘लुथरन’ म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेतून निघालेले ख्रिस्ती पंथ. भारताला ते परके नाहीत. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला १७०६ मध्ये उतरलेले त्सीगेनबाल्ग आणि प्लूटशाऊ लुथरनच होते. आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्यात स्वीडिश मिशनऱ्यांनी उभं केलेलं लुथरन चर्च आजही आहे. अमेरिकेत जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश स्थलांतरितांनी ते नेलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या लुथरन चर्चचं नाव इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका. तीन जुन्या संस्था एकत्र येऊन १९८८ मध्ये ते झालं, मुख्य कार्यालय शिकागोत. त्याच्या आपत्तीकार्याला ‘लुथरन डिझास्टर रिस्पॉन्स’ म्हणतात. हे खातं स्वतः लाल दिव्याची गाडी घेऊन पहिल्या तासाला पोचत नाही. स्थानिक लुथरन समाजसेवी संस्थेला पैसा आणि अनुभव पुरवायचा, आणि बाकीचे निघून गेल्यावरही टिकून राहायचं, ही त्याची रीत.

ल्यूथरच्या काळातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून समजतं. सॅक्सनीतल्या लाइसनिग नावाच्या गावाने १५२३ मध्ये एक सामाईक पेटी केली. चर्चचं उत्पन्न आणि देणग्या तिच्यात जमा व्हायच्या. पाद्र्याचा पगार, शाळा, म्हातारे, अनाथ, अडलेले कारागीर यांचा खर्च तिच्यातून निघायचा. तिच्या नियमावलीला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. पेटीला चार वेगवेगळी कुलपं होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावच्या नागरिकांकडे, आणि एक आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. चौघं एका जागी आल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

चोरी होऊ नये म्हणून ही व्यवस्था होती, हे उघड आहे. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. पेटी उघडायची म्हणजे चौघांना एकमेकांचं तोंड बघावंच लागणार.

मदतीची रांग

आता स्टेटन आयलंडवर येऊ. समजा, मिडलंड बीचला एक आजी राहते. नवरा वारलेला, घर स्वतःचं, कर्ज कधीच फिटलेलं. घरात छातीएवढं पाणी शिरलं. तिला पैसे कुठून मिळतील?

पहिली पायरी विम्याची. अमेरिकेतल्या साध्या घरविम्यात पूर येत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो १९६८ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो. घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. पूरक्षेत्रातल्या घरावर बँकेचं कर्ज असेल तर हा विमा सक्तीचा असतो. कर्ज फिटलं की सक्ती संपली. हप्ता महाग, उत्पन्न पेन्शनचं, म्हणून कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी कर्ज फिटल्यावर विमा सोडून दिला होता. आयुष्यभर हप्ते इमानाने भरून घर मोकळं केलं, आणि नेमके तेच लोक उघड्यावर पडले.

दुसरी पायरी फेमाची. फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती संस्था, १९७९ मध्ये स्थापन झालेली. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली की ती थेट कुटुंबांना पैसे देऊ शकते, पण सँडीच्या वेळी एका कुटुंबाला जास्तीत जास्त मर्यादा ३१,९०० डॉलर होती आणि बहुतेकांना त्याहून पुष्कळ कमी मिळाले. घर पूर्ववत करून देणं हे फेमाचं कामच नाही. राहण्याजोगं, सुरक्षित करण्यापुरतीच ती मदत. एखादा कागद कमी पडला की घरी पत्र येतं: तुम्ही अपात्र. हे पत्र वाचून अनेक लोक तिथेच थांबतात. खरं तर त्या ‘अपात्र’चा अर्थ पुष्कळदा ‘हा कागद जोडा आणि पुन्हा या’ एवढाच असतो, आणि अपिलाला ६० दिवस असतात. पण सरकारी लिफाफ्यातली इंग्रजी कुणाला धीर देते?

तिसरी पायरी कमी व्याजाचं सरकारी कर्ज. आजी ७८ वर्षांची असेल तर तिने तीस वर्षांचं कर्ज काढावं का, हा प्रश्न अर्जात कुठेच नसतो. चौथी पायरी राज्याच्या किंवा शहराच्या पुनर्बांधणी योजना. न्यूयॉर्क शहरात तिचं नाव ‘बिल्ड इट बॅक’ होतं. या योजना उशिरा येतात आणि हळू चालतात.

या सगळ्यांतून जे उरलं ते शेवटच्या पायरीवर, म्हणजे चर्च आणि सेवाभावी संस्थांच्या दारात. हा क्रम मोडायचा नाही, कारण एकाच नुकसानीला दोन ठिकाणाहून मदत घेतली तर ती परत करावी लागू शकते. एखाद्या भल्या माणसाने आजीला आधीच दहा हजारांचं छप्पर घालून दिलं, तर तेवढ्याच छपरासाठी पुढची सरकारी मदत अडू शकते. चांगुलपणाचंही इथे वेळापत्रक असतं.

तर शेवटच्या पायरीवर एक टेबल मांडलेलं असतं. अमेरिकेत बहुतेक प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर त्या काउंटीत दीर्घकालीन पुनर्वसन गट उभा राहतो. चर्च, देवळं, मशिदी, सिनेगॉग, रेड क्रॉस, स्थानिक फाउंडेशन, सगळे त्यात. महिन्यातून एक-दोनदा बैठक. केस मॅनेजर, म्हणजे एकेका कुटुंबाचे कागद सांभाळणारा माणूस, नाव न सांगता एक-एक घर मांडतो: अमुक इतका विमा आला, फेमाने इतके दिले, आता बारा हजारांची तूट आहे. मग कुणी म्हणतं प्लायवूड आमचं, कुणी म्हणतं सुतार आमचे, कुणी वायरिंगचे पैसे देतं.

आणि प्रत्येक ख्रिस्ती पंथाचं काम जवळजवळ ठरलेलं. आपल्याकडच्या बलुतेदारीची आठवण यावी इतकं. मेनोनाइट लोक सुतारकामाला. सदर्न बॅप्टिस्टांची अवाढव्य स्वयंपाकघरं आणि पडलेली झाडं कापायची करवतं. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट गोदामं सांभाळणार. चर्च ऑफ द ब्रेदरन लहान मुलांना बघणार. लुथरनांकडे स्वयंसेवकांची सोय, केस मॅनेजमेंट आणि मनाला आधार देण्याची कामं. त्यांचं मुलांसाठीचं शिबिर ‘कॅम्प नोआ’ १९९७ च्या रेड रिव्हरच्या महापुरानंतर मिनेसोटातून सुरू झालं. (बलुतेदारीची उपमा इथेच सोडतो. तिच्यातली जात आणि जन्माची सक्ती इथे नाही, आणि ती फार मोठी गोष्ट आहे.) हे सगळे एकमेकांच्या पायांत पाय घालत होते, त्यातून शहाणपण आलं १९६९ च्या कॅमिल वादळानंतर, पुढच्याच वर्षी या संस्थांची राष्ट्रीय समन्वय संघटना झाली.

म्हणजे पैसा आहे, सुतार आहेत, लाकूड आहे, नियमही आहेत. आजी मात्र त्या टेबलापर्यंत पोचलेली नाही. तिला ते टेबल आहे हेच ठाऊक नाही.

केस मॅनेजर आणि ऑर्गनायझर

इथे लोक हमखास गोंधळतात. केस मॅनेजर एका वेळी एक घर बघतो. कागद, पावत्या, अपील, ठेकेदाराचं अंदाजपत्रक. मेहनतीचं, किचकट काम. पण तो दारात आलेल्या माणसाचं काम करतो. ऑर्गनायझर जे दारात आले नाहीत त्यांच्यासाठी असतो. आणि तो घर बघत नाही, गल्ली बघतो.

गल्ली बघितली की काय दिसतं त्याचं एक उदाहरण. एका रस्त्यावर अकरा घरांना ‘अपात्र’ची पत्रं आली आहेत, पण प्रत्येकाला वाटतंय आपल्या एकट्यालाच आलं, आपलंच काहीतरी चुकलं. शरमेने कुणी कुणाला सांगत नाही. ऑर्गनायझर अकरा घरी चहा-कॉफी पितो, आणि बाराव्या दिवशी अकराही जण चर्चच्या तळघरात एकमेकांसमोर बसलेले असतात. एकाने पत्र बाहेर काढलं की सगळे काढतात. एकट्याची चूक होती ती सगळ्यांची तक्रार होते. पुढचं अपील वकिलाकडून एका संध्याकाळी अकराजणांचं होतं. माझ्या मते या पेशाचं सगळं सार या एका संध्याकाळीत आहे.

तळघरातल्या भाडेकरूंचं आणखी वेगळं. बेसमेंटमधल्या कितीतरी खोल्या नोंदणी नसलेल्या असतात. तिथल्या माणसाने मदत मागायला जायचं म्हणजे मालकाला अडचणीत आणायचं, आणि स्वतः कागदपत्रांविना देशात असेल तर स्वतःलाही. पण त्याच घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्या मुलाच्या नावे पालकांना फेमाकडे अर्ज करता येतो. हे सांगायला ओळखीचा, स्पॅनिश बोलणारा माणूस लागतो. भिंतीवरच्या पोस्टरवर कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणूनच नवे ऑर्गनायझर नेमताना पदवीपेक्षा भाषा आणि पत्ता जास्त बघावा लागतो. स्टेटन आयलंडवर मेक्सिकन कुटुंबं आहेत, पार्क हिलला लायबेरियातून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, आणि लायबेरियात लुथरन चर्च जुनं. जुने नॉर्वेजियन-जर्मन पाद्री या घरांत पाहुणे. तिथलाच मुलगा किंवा मुलगी ऑर्गनायझर झाली तर ती घरची.

ओळख करून द्यायची कशी

आता त्या पत्रकातल्या सूचनेकडे. नव्या माणसाची ओळख कशी करून देतात यावर पुढचं वर्षभराचं काम ठरतं, आणि ती बहुधा चुकीची करून दिली जाते. ‘हे तुमच्या मदतीला आले आहेत’ असं पाद्र्याने एकदा व्यासपीठावरून म्हटलं की संपलं. प्रार्थना आटोपल्यावर चाळीस माणसं आपापली यादी घेऊन उभी: बॉयलर, छप्पर, भाडं. त्यांची चूक नाही. वादळानंतर जो कुणी ओळखपत्र गळ्यात घालून येतो तो काहीतरी देणारा किंवा काहीतरी नाकारणारा असतो, तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेलाच नसतो.

आणि ही माणसं येतात तीही नेमकी वाईट वेळी. आपत्तीनंतरच्या मनःस्थितीचा एक आलेख या क्षेत्रात सगळे दाखवतात. आधी धाडसाचे दिवस, शेजाऱ्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढण्याचे. मग काही आठवडे गोडीगुलाबीचे: टीव्हीवाले, ब्लँकेटं, गरम सूप, ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’. त्यानंतर रेघ एकदम खाली येते. कॅमेरे गेलेले, भिंतीत बुरशी, ठेकेदार आगाऊ रक्कम घेऊन पसार, नवरा-बायकोत भांडणं. ऑर्गनायझरच्या पगाराचा निधी मंजूर व्हायला महिने लागतात, त्यामुळे तो उगवतो तो बरोबर या खड्ड्यात. लोकांच्या मनातला राग तोवर कुणावर काढावा या शोधातच असतो.

चांगली ओळख कशी असते? ऑर्गनायझर काय करणार नाही ते आधी सांगणारी. ‘यांच्याकडे पैसे नाहीत. यांच्याकडे वेळ आहे. येत्या तीन महिन्यांत हे तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी येऊन अर्धा तास बसणार आहेत, आणि तुम्ही काय म्हणता ते लिहून घेणार आहेत.’ एवढंच. आणि ही ओळख नुसती चर्चमध्ये करून भागत नाही. कपडे धुण्याच्या दुकानात करावी लागते, शाळेच्या फाटकाशी, फार्मसीच्या रांगेत, कारण पूरग्रस्तांतले बहुतेक लोक लुथरन नसतात, आणि कुठल्याच चर्चला जात नाहीत असेही पुष्कळ.

तो अर्धा तास हे या पेशाचं मुख्य हत्यार. एकास एक भेट म्हणतात तिला. फॉर्म नाही, ‘किती फूट पाणी होतं’ नाही. तुम्ही या गल्लीत कसे आलात, त्या रात्री कुणाला फोन केलात, आता रात्री कशाने जाग येते. ऐकता ऐकता ऑर्गनायझर एक गोष्ट मनात टिपत असतो: या माणसाचं शेजारी ऐकतात का? प्रत्येक गल्लीत एक बाई असतेच जिच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या ठेवलेल्या असतात. तिला कुठलंच पद नसतं. तिला शोधणं हे पहिल्या तीन महिन्यांचं काम.

ही पद्धत चर्चची नव्हे. शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या कामगार वस्तीत सॉल अलिन्स्की यांनी १९३९ च्या सुमारास ती घडवली, पुढच्या वर्षी त्यासाठी इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन ही संस्था काढली. अलिन्स्की ज्यू, पाठीशी कॅथलिक चर्च आणि कामगार संघटना. त्या परंपरेत एक ‘लोखंडी नियम’ सांगतात: जे लोक स्वतः करू शकतात ते तुम्ही त्यांच्यासाठी करू नका. ऐकायला कठोर, आणि सेवेच्या भावनेने आलेल्या माणसाला तर फारच जड. आजीचा फॉर्म भरून देणं सोपं असतं. आजीच्या शेजारणीला फॉर्म भरायला शिकवून तिच्याकडून गल्लीतले सगळे भरून घेणं याला पाचपट वेळ लागतो.

न्यूयॉर्कच्या लुथरनांना हे नवं नव्हतं. पूर्व ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल आणि ईस्ट न्यूयॉर्क या ओसाड पडलेल्या भागांत १९८० च्या दशकात बॅप्टिस्ट, कॅथलिक आणि लुथरन चर्चनी मिळून ‘ईस्ट ब्रुकलिन चर्चेस’ ही संघटना उभी केली, अलिन्स्कींच्याच संस्थेच्या आधाराने. लुथरन पाद्री जॉन हाइनमायर तिच्या पहिल्या फळीत होते. त्यांनी पहिली मागणी घरांची केली नाही. रस्त्यांच्या नावांच्या गेलेल्या पाट्या पुन्हा लावा, ही सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक. हसू येईल, पण पाटी नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्सला घर सापडत नाही, आणि पाटी मिळवता आली की लोकांना कळतं की मागून मिळतं. त्याच लोकांनी पुढे हजारो स्वस्त घरं बांधून घेतली. नाव दिलं ‘नेहेम्या’, जेरुसलेमची पडलेली तटबंदी लोकांकडून बांधून घेणाऱ्या बायबलमधल्या माणसाचं.

ऐकल्यावर भलतंच ऐकू येतं

ओकवूड बीचची हकीकत लुथरनांची नाही, तिथल्या रहिवाशांची आहे, पण ऑर्गनायझिंग म्हणजे काय ते तिच्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलं नाही.

सँडीनंतर सगळ्या योजना एकाच शब्दाभोवती फिरत होत्या: पुन्हा बांधा. फॉर्म त्याचे, निधी त्याचा, भाषणं त्याचीच. ओकवूड बीचच्या काही शेजाऱ्यांनी बैठका घेतल्या, घरोघरी विचारलं, आणि निघालं काय, तर बहुतेकांना पुन्हा बांधायचंच नव्हतं. त्यांना जायचं होतं. १९९२ च्या वादळातही त्यांनी पाणी पाहिलं होतं. फॉक्स बीच अ‍ॅव्हेन्यूवर या खेपेला शेजारची माणसं बुडाली. पण ‘सरकारने आमची घरं विकत घ्यावीत आणि ही जागा दलदलीला परत द्यावी’ असं एकट्याने म्हणणारा माणूस वेडा ठरतो. गल्लीच्या गल्ली सह्या घेऊन आली तेव्हा ते धोरण झालं. २०१३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी अशा भागांतली घरं वादळापूर्वीच्या भावाने विकत घेण्याची योजना जाहीर केली, आणि ओकवूडपासून तिची सुरुवात झाली.

केस मॅनेजरच्या फॉर्ममध्ये ‘मला इथे राहायचंच नाही’ असा रकाना नव्हता. सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय तो प्रश्नच निघाला नसता. अर्थात शेजारच्याच काही वस्त्यांना राहायचं होतं आणि त्यांनी तसं ठणकावून सांगितलं. ऑर्गनायझरने स्वतःचं मत खिशात ठेवायचं ते यासाठी.

दोन शंका

हे सगळं धर्मांतरासाठी तर नाही? मराठी वाचकाच्या मनात हे येणार, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या या संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने आपत्तीतल्या आध्यात्मिक आधाराबद्दल लेखी एकमत केलेलं आहे: संकटातल्या माणसाच्या हतबलतेचा फायदा घेऊन धर्मप्रचार करायचा नाही, आणि मदतीला कुठलीही अट जोडायची नाही. सगळे सगळीकडे ते पाळतात अशी हमी मी देणार नाही. पण टेबलाभोवती रब्बी, इमाम आणि दहा पंथांचे पाद्री बसलेले असले की एकमेकांवर नजर आपोआप राहते. चार कुलपांचा हाही एक उपयोग.

दुसरी शंका राजकारणाची. ऑर्गनायझर लोकांना नगरसेवकाच्या कार्यालयात घेऊन जातो, म्हणजे राजकारण झालंच. मतं मात्र मागायची नाहीत. करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने बंदी आहे. या दोहोंमधली रेघ कागदावर ठळक आहे, निवडणुकीच्या महिन्यात ती तितकी ठळक राहत नाही.

एका गोष्टीकडे नवे ऑर्गनायझर सुरुवातीला दुर्लक्ष करतात आणि मग पस्तावतात: हजेरीचा कागद. शनिवारी तीस पोरं येऊन चिखल काढतात, भिजलेला जिप्सम बोर्ड पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत कापून काढतात, आतलं लाकूड वाळायला मोकळं करतात (न वाळवता नवा बोर्ड ठोकला की आत बुरशी, आणि सगळं पुन्हा). त्यांच्या सह्या आणि तास नीट लिहिलेले असतील, तर पात्र कामांचे ते तास पैशात मोजून फेमाच्या सार्वजनिक मदतीतल्या स्थानिक वाट्यात धरता येतात. स्थानिक वाटा साधारण २५ टक्के असतो. म्हणजे त्या पोरांच्या घामाने गावाची तिजोरी वाचते. सही राहिली की गेलं.

किल्लारीच्या बायका

आपल्याला हे सगळं फार लांबचं वाटायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपानंतर जी गावं पूर्ण हलवली त्यांची संख्या ५२. त्यांची चर्चा खूप झाली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं तडकली होती, पडली नव्हती, आणि ती लोकांनी स्वतःच, सरकारी मदतीने, दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हप्त्याहप्त्याने पैसे, इंजिनिअरचा दाखला, कोपऱ्यातल्या पट्ट्या, दगडी भिंतीत बांधणीचे दगड. हे सांगणार कोण?

सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने चालवलेल्या त्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ला लोकसहभागाचं काम मिळालं, आणि गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. काय सुंदर पदनाम आहे. ऑर्गनायझरला मराठी शब्द शोधत होतो, तो तीस वर्षांपूर्वी लातूर-उस्मानाबादच्या गावांत वापरून झालेला होता. या बायकांनी दुरुस्तीची माहिती घरोघरी नेली, ग्रामसभेत उभ्या राहिल्या, इंजिनिअरला अडवून विचारलं की माझ्या भिंतीत हे का नाही. ज्या घरात पावण्यांसमोर बाई यायची नाही त्या घरातली बाई सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागू लागली.

मग २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये जमीन हलली. लातूरकडच्या बायका तिथे गेल्या. सोबत पैसे नव्हते, सामान नव्हतं, भाषाही धड येत नव्हती. कच्छी बायकांसमोर त्या बसल्या आणि आमच्या गावात काय काय चुकलं होतं, तिथून त्यांनी सांगायला सुरुवात केली.